पाच डॉलरचं तिकीट

साबणाच्या वडीवर किंमत छापलेली असते, काडेपेटीवर असते, औषधाच्या पट्टीवर असते. गाण्याच्या रेकॉर्डवर, निदान अमेरिकेत, ती छापायची रीत नव्हती. दुकानदार लावील ती किंमत. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीला वॉशिंग्टन शहरातल्या डिस्कॉर्ड नावाच्या एका लहानशा कंपनीनं आपल्या रेकॉर्डवर मजकूर छापायला सुरुवात केली, की ही रेकॉर्ड आमच्याकडून थेट मागवाल, तर टपालखर्चासकट इतके डॉलर पडतील. दुकानदाराला त्याहून फार चढी किंमत लावायची चोरी झाली. आज ज्या फुगाझी नावाच्या बँडविषयी बोलायचं आहे, त्याच्या रेकॉर्ड या कंपनीच्या.

बँड म्हटलं की आपल्याला लग्नाची वरात आठवते. हा बँड चार जणांचा: दोन गिटार, एक बेस गिटार, एक ड्रम. जात पंक. पंक हा प्रकार १९७५-७६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये गाजू लागला. त्याचं म्हणणं असं, की गाण्यासाठी उस्ताद असावं लागत नाही. तीन सूरगुच्छ येतात ना, मग उभा राहा आणि गा. आता, ज्या मातीत उस्तादाच्या घरी पाणी भरल्याशिवाय गाणं येत नाही असं मानतात, त्या मातीतल्या माणसाला हे पोरकट वाटणं साहजिक आहे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण फुगाझीची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. या चौघांनी पैशाचा हिशोब ज्या काटेकोरपणे मांडला, त्या हिशोबातूनच त्यांचं गाणं बदलत गेलं. पंधरा वर्षांत ते आरडाओरड्यापासून निघाले आणि शांततेपर्यंत पोचले. तिकिटाचा दर आणि गाण्याचा पोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपण धरून चालतो. इथं त्या एकच होत्या.

थोडं मागं जाऊ. वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेची राजधानी. पण राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आणि संगमरवरी स्मारकं सोडली, तर त्या काळी हे बहुसंख्य काळ्या लोकांचं, बऱ्याच अंशी गरीब शहर होतं. तिथं बॅड ब्रेन्स नावाचा काळ्या तरुणांचा एक बँड विजेच्या वेगानं पंक वाजवी आणि मध्येच वेग सोडून जमैकाच्या संथ रेगे संगीतावर येई. त्यांना ऐकून शाळकरी वयाची गोरी पोरं वेडी झाली. त्यांतला एक इयन मकाय, जन्म १९६२ चा. त्याचा सुरुवातीचा एक बँड टीन आयडल्स. १९८० मध्ये ही पोरं बसनं कॅलिफोर्नियाला गाणं करायला गेली. तिथल्या एका क्लबमध्ये अडचण आली. वय कमी, आणि आत दारू विकली जाते. तोड अशी निघाली, की या मुलांच्या हातावर काळी फुली काढायची, म्हणजे दारू देणाऱ्याला कळेल की यांना द्यायची नाही. पोरांनी परत येऊन ही फुलीच आपलं निशाण केलं. आम्ही पिणार नाही, पण गाणं ऐकायला आत येणार, असं त्या फुलीचं सांगणं होतं.

तो बँड वर्षभरात मोडला. गल्ल्यात सहाशे डॉलरच्या आसपास शिल्लक होती. वाटून घ्यावी, की रेकॉर्ड काढावी? त्यांनी रेकॉर्ड काढली. डिस्कॉर्डचा जन्म हा असा. हजार प्रती. रेकॉर्डची पाकिटं पोरांनी स्वतः कात्रीनं कापली, घड्या घातल्या, डिंकानं चिकटवली. पदरचे पैसे घालून कवितेचं पहिलं पुस्तक काढलेल्या माणसाला या कामाचा वास ओळखीचा असतो; त्याविषयी जास्त सांगत बसत नाही.

मकायचा पुढचा बँड मायनर थ्रेट. त्याची गाणी ऐकायला बसावं तोवर संपतात. दारू, सिगारेट, नशा यांना नकार देणारं त्यांचं एक प्रसिद्ध गाणं मिनिटभराच्या आत आटोपतं. त्या गाण्यातून जगभर तरुणांचा एक पंथच निघाला, आणि पंथ निघाला की जे होतं तेच झालं. अनुयायी गुरूपेक्षा कडक झाले. न पिणारी पोरं पिणाऱ्यांना मारू लागली. कार्यक्रमांत मुसंडी मारून एकमेकांना धडकण्याचा नाच होता, त्याची मारामारी झाली. १९८३ मध्ये मायनर थ्रेट संपला, आणि मकायला स्वतःच पेटवलेल्या गर्दीची चिंता लागली. १९८५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधल्या काही तरुणांनी ठरवून नवे बँड काढले: दणदणाट तोच, पण शब्द आतल्या हळवेपणाचे. दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर ढोल-डबे बडवून वर्णभेदाचा निषेध करणारी मुलं यांच्यातलीच. या नव्या बँडांत राइट्स ऑफ स्प्रिंग हा सर्वांत जिव्हाळ्याचा. त्यात गाणारा गी पिचोटो आणि ड्रम वाजवणारा ब्रेंडन कँटी. तोही फार टिकला नाही.

मग फुगाझी. मकायनं बेस गिटार वाजवणाऱ्या जो लॅलीला बरोबर घेतलं. घाई केली नाही. आधी बँड काढायचाच नव्हता, नुसतं काही लोकांबरोबर वाजवायचं होतं. ड्रमवर कँटी आला. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये पहिला कार्यक्रम झाला तो तिघांचा. गी पिचोटो नंतर सामील झाला, आणि सुरुवातीला त्याच्या हातात वाद्यच नव्हतं. तो गायचा, साथ द्यायचा आणि नाचायचा. १९८८ मधलं फिलाडेल्फियाच्या एका व्यायामशाळेतलं चित्रण उपलब्ध आहे. त्यात हा पठ्ठ्या बास्केटबॉलच्या कड्यात पाय अडकवून उलटा लोंबकळत गातो आहे. नावाचा अर्थ विचाराल, तर व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या बोलीतला तो शब्द. पार चिघळून गेलेल्या परिस्थितीला ते फुगाझी म्हणत. मकायला तो त्या सैनिकांच्या आठवणींच्या एका पुस्तकात सापडला.

पहिली रेकॉर्ड १९८८ ची, सात गाण्यांची. दुसरी पुढच्या वर्षीची, आणि मग दोन्ही मिळून ‘थर्टीन साँग्ज’. तिचं पहिलं गाणं ‘वेटिंग रूम’ हे फुगाझीचं सर्वांत गाजलेलं गाणं. मी गाणं शिकलेला माणूस नाही, ठेका आणि विराम एवढंच मला कळतं. म्हणून सांगतो, या गाण्यात ऐकायचं आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात. बेस गिटार एकटी सुरू होते, रेगेच्या चालीनं, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखी. मग गिटार येते, ड्रम येतात, सगळं रंगात येऊ लागतं आणि अचानक बंद. काहीच नाही. वीज गेली की काय असं वाटावं इतकी शांतता. नंतर सगळे एकदम त्याच ठिकाणी उतरतात. पंकमध्ये हे नवं होतं. मायनर थ्रेटच्या गाण्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. इथं गाण्याच्या मधोमध एक रिकामी जागा ठेवली होती.

ही जागा कुठून आली? एक तर रेगेतून. जमैकाचे ध्वनिमुद्रक गाण्यातून एकेक वाद्य काढून टाकत आणि उरलेल्या पोकळीतून नवं गाणं करत. त्या प्रकाराला डब म्हणतात, आणि या मंडळींना तो फार प्रिय. दुसरं, वॉशिंग्टनचं स्वतःचं गो-गो संगीत. चक ब्राउन हा त्याचा मूळपुरुष. गो-गोमध्ये एक गाणं संपलं तरी ठेका थांबत नाही, त्याच्यावरच पुढचं गाणं चढतं, लोक नाचतच राहतात. मायनर थ्रेटच्या शेवटच्या कार्यक्रमात याच संगीतातला ट्रबल फंक हा बँडही होता. फुगाझीचीही मैफलीची रीत वेगळीच होती: गाण्यांची यादी कधी केलीच नाही. एकानं दोन सूर छेडायचे, बाकीच्यांनी ओळखायचं आणि सामील व्हायचं. सगळी गाणी सगळ्यांना कायम तयार हवीत. आपल्याकडच्या भजनी मंडळींना हे नवल वाटणार नाही. अमेरिकेतल्या दिवे-धुराच्या कार्यक्रमांत ते नवल होतं.

आता हिशोबाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. फुगाझीचं तिकीट पाच डॉलरचं. क्वचित सहा, परदेशात किंवा पुढच्या वर्षांत किंचित जास्त, पण आकडा पाचाच्या आसपासच राहिला. दुसरी अट, कुठल्याही वयाच्या माणसाला आत सोडलं पाहिजे. ही अट ऐकायला साधी वाटते, पण अमेरिकेत ती महागात पडते. तिथं दारू पिण्याचं कायदेशीर वय १९८० च्या दशकात सगळीकडे एकवीस झालं, आणि क्लब चालतात ते दारूच्या विक्रीवर. गाणं हे गिऱ्हाईक आत ओढण्याचं निमित्त. वयाची अट काढली की क्लबवाल्याचा धंदा बसतो. म्हणून या मंडळींनी चर्चचे हॉल, शाळांच्या व्यायामशाळा, वस्तीतली समाजमंदिरं शोधून काढली.

पाच डॉलरमध्ये भागवायचं कसं? खर्च कापून. बँडला व्यवस्थापक नाही, कार्यक्रम ठरवणारा दलाल नाही, वकील नाही. मकाय स्वतः फोन करून कार्यक्रम ठरवी. स्वतःच्या गाडीनं जायचं, सामान स्वतः उतरवायचं, मुक्काम ओळखीच्यांकडे. नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, खरं तर बँडांना रोकड मिळवून देणारा हाच मोठा धंदा. कुणा चतुर माणसानं ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे’ असं छापलेले टी-शर्ट काढले आणि ते खपले! डिस्कॉर्ड कंपनी गायक-वादकांशी लेखी करार करत नसे. खर्च वजा जाता नफा वाटून घ्यायचा. अर्थात सगळंच स्वतःच्या हातानं होत नव्हतं. रेकॉर्ड छापण्याचं आणि युरोपात पोचवण्याचं काम लंडनच्या सदर्न या संस्थेच्या मदतीनं चालायचं. ‘आम्ही सगळं स्वतः केलं’ असं या मंडळींच्या भाबड्या चाहत्यांकडून ऐकू येतं, ते तितकंसं खरं नाही. पण ज्यांच्यावर विसंबायचं ती माणसं त्यांनी निवडून घेतली होती.

आणि यातून काय मिळालं? मी म्हणतो, पहिली मोकळीक ही, की कुणाचं देणं नव्हतं. आगाऊ रक्कम घेतली नाही, तर ती फेडण्यासाठी मागच्या वर्षीचं खपलेलं गाणं पुन्हा लिहावं लागत नाही. दुसरी मोकळीक मला जास्त महत्त्वाची वाटते. ती प्रेक्षकांशी बोलण्याची. ज्यानं चाळीस डॉलर मोजले, त्याला तुम्ही ‘नीट वाग’ असं सांगू शकत नाही. तो मालक असतो. पाच डॉलरवाल्याला सांगता येतं. फुगाझीच्या कार्यक्रमात कुणी दुसऱ्याच्या अंगावर पाय दिले, पोरींना चेंगरलं, की गाणं थांबे. मकाय नाव-गाव विचारल्यासारखा त्या माणसाशी माइकवरून बोले, ऐकत नसेल तर पाच डॉलर परत देऊन बाहेर काढत. पैसे परत करायची पाकिटं तयार असत. एका चित्रणात गी पिचोटो अशाच दोन दांडगटांना झापतो आहे. त्याचा मुद्दा असा, की तुम्ही आता मोठे राक्षस असल्याचा आव आणता, पण मघाशी बाहेर मी तुम्हाला लहान पोरांसारखं आइस्क्रीम चाटताना पाहिलं आहे! सगळं सभागृह हसतं आणि त्या दोघांचा सगळा रुबाब जातो.

यात एक पेच होता, आणि तो त्यांना कळत होता. गाणं असं करायचं की अंगात वारं शिरावं, आणि वारं शिरलं की सांगायचं, आवर. टीकाकार म्हणत, हे गाणं नव्हे, प्रवचन आहे. ही मंडळी थंडीतही घर गरम करत नाहीत, नुसता भात खाऊन राहतात, अशा दंतकथा पसरल्या. या साधुत्वाच्या कथांचा त्यांना कंटाळा होता. आणि मला वाटतं, बोलण्यापेक्षा गाण्यातूनच या पेचाला उत्तर शोधायचा प्रयत्न त्यांनी केला. ज्या गाण्यात वेग तुटतो, मोजणी बदलते, मध्येच कुजबुज येते, त्या गाण्यावर मुसंडी मारता येत नाही. ऐकावंच लागतं.

‘थर्टीन साँग्ज’मधलंच ‘सजेशन’ हे गाणं घ्या. रस्त्यानं चालताना नजरांनी आणि हातांनी छळल्या जाणाऱ्या बाईच्या तोंडून ते लिहिलेलं आहे, आणि गाणारा मकाय, म्हणजे पुरुष. आपल्या शाहिरांनी स्त्रीच्या तोंडून केवढ्या लावण्या लिहिल्या; त्यात बहुधा तिनं काय म्हणावं अशी पुरुषाची इच्छा असते तेच ती म्हणते. इथं उलटं आहे. पुरुषाला ऐकायला नको असलेलं ती बोलते. तरीही पुरुषानं हे गावं का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. काही कार्यक्रमांत एमी पिकरिंग ही वॉशिंग्टनमधलीच गायिका मंचावर येऊन ते गाणं गात असे. मला हे उत्तर पटतं. ज्याच्या तोंडचे शब्द आहेत, त्याच्या हाती माइक द्यावा.

१९९० मध्ये ‘रिपीटर’ आला आणि पिचोटोच्या हाती गिटार आली. आता दोन गिटार एकमेकींशी बोलू लागल्या, बोलू म्हणजे वाद घालू लागल्या. नाव बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’वरची कोटी, पण आडून बंदुकीचाही उल्लेख. त्या काळात वॉशिंग्टनमध्ये क्रॅक कोकेनच्या धंद्यातून रोज माणसं मरत होती. १९९१ या एका वर्षात त्या सहा लाख वस्तीच्या शहरात सुमारे ४८० खून झाले. अल्बमचं शेवटचं गाणं अमली पदार्थानं गेलेल्या एका तरुणीवर आहे. त्यात आवाज इतका खाली येतो, की पुढे काही आहे की गाणं संपलं, असा संभ्रम पडतो.

वॉशिंग्टन शहरातले त्यांचे कार्यक्रम कुणाच्या तरी मदतीसाठी, निषेधासाठी नाही तर फुकट असत. १९९० च्या डिसेंबरमध्ये ते लॉर्टनच्या तुरुंगात कैद्यांपुढे वाजवून आले. १२ जानेवारी १९९१ रोजी, ज्या दिवशी अमेरिकेच्या संसदेनं आखाती युद्धाला परवानगी दिली त्याच दिवशी, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये थंडीत आणि पावसात त्यांनी युद्धाविरुद्ध आणि शहरातल्या बेघरांसाठी कार्यक्रम केला. मागं राष्ट्राध्यक्षांचं घर दिसतं आहे, पुढं भिजलेली पोरं. युद्ध काही थांबलं नाही. चार दिवसांत बॉम्ब पडू लागले.

त्याच वर्षी ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ आला. तो मला कोरडा वाटतो. आवाजाला मांस नाही. ध्वनिमुद्रणाची सगळी सूत्रं पहिल्यांदाच स्वतःकडे घेतली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून जपून वागला असावा. पण १९९१ हे साल इतिहासात राहिलं ते दुसऱ्या कारणानं. सप्टेंबरमध्ये निर्व्हाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला, कोट्यवधींचा धंदा झाला, आणि काल ज्या पोरांना मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, त्यांच्यामागं त्या कोऱ्या धनादेशांसह धावू लागल्या. इंडी हा शब्द, म्हणजे स्वतंत्र कंपनीचा या अर्थाचा, आता एका फॅशनचं नाव झाला.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये कार्यक्रमानंतर आत एक वृद्ध गृहस्थ भेटायला आले. अहमत एर्तेगुन. तुर्की राजदूताचा मुलगा, अटलांटिक रेकॉर्ड्सचा संस्थापक, रे चार्ल्सला मोठं करणारा माणूस. त्याचं बालपणही वॉशिंग्टनमध्येच गेलेलं. त्यानं या मंडळींना दहा दशलक्ष डॉलरहून जास्त रक्कम आणि स्वतःची उपकंपनी देऊ केली, असं नोंदलेलं आहे. गप्पा छान झाल्या. करार झाला नाही. हा प्रसंग नेहमी त्यागाची कथा म्हणून सांगतात. मला त्यात त्याग दिसत नाही. जे विकत मिळणार होतं ते त्यांच्याकडे आधीच होतं. हवी तशी रेकॉर्ड, हवा तो दर, हवे तेव्हा कार्यक्रम. पैसे घेऊन त्यांना काय विकत घेता आलं असतं?

त्या वर्षीचा ‘इन ऑन द किल टेकर’ हा त्यांचा सर्वांत रागीट अल्बम. तो आधी शिकागोत स्टीव्ह अल्बिनी या नामांकित ध्वनिमुद्रकाकडे करायला घेतला होता. मजा आली, पण परत आल्यावर ऐकलं तर जमलेलं नव्हतं. सगळं बाजूला ठेवून वॉशिंग्टनजवळच्या इनर इअर स्टुडिओत, डॉन झिएंटारा आणि टेड नाइसली या जुन्या सोबत्यांबरोबर पुन्हा पहिल्यापासून केलं. कुणाची तारीख गाठायची नव्हती, म्हणून ही चैन परवडली. त्यातलं एक गाणं जॉन कॅसाव्हेटीस या चित्रपट दिग्दर्शकावर आहे, जो दुसऱ्यांच्या सिनेमात अभिनय करून पैसे मिळवी आणि त्या पैशांतून स्वतःचे सिनेमे काढी. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम पहिल्या दोनशेत, १५३ व्या जागी चढला. जाहिरातीविना.

इथून पुढं कुणीही पुन्हा तसाच अल्बम केला असता. १९९५ चा ‘रेड मेडिसिन’ सुरू होतो तोच अडखळत, गोंगाटाच्या तुकड्यांतून. मध्ये एक शब्दांविना तुकडा आहे, निव्वळ डबच्या वळणाचा. त्यात पिचोटो क्लॅरिनेट वाजवतो, पंक बँडमध्ये क्लॅरिनेट! आपल्याकडे वरातीच्या बँडात ती असतेच म्हणा. आणि एका गाण्यात तर तो गिटारच्या आवाजाचा वीट आल्याचं गिटारवरच गातो. कारण तो आवाज आता शेकडो नव्या श्रीमंतांच्या तोंडी होता, चिडलेल्या तरुणाईचा शिक्का म्हणून विकला जात होता. ज्या आवाजात आपण वाढलो तोच बाजारानं उचलला, तर कवीनं किंवा वादकानं काय करावं? आवाज आणखी चढवावा, हे एक उत्तर. फुगाझीनं दुसरं निवडलं. वाद्यांच्या मधली जागा वाढवली. कँटीच्या ड्रमच्या संचात एक मोठी घंटा टांगलेली असे. तिचा एक टोल पडावा आणि विरून जाईपर्यंत बाकीच्यांनी थांबावं, अशा जागा या गाण्यांत येऊ लागल्या. माझ्या दृष्टीनं हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम. काही श्रोत्यांची मात्र निराशा झाली. त्यांना ‘वेटिंग रूम’ हवं होतं.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर मकायचं एक फुप्फुस आकसलं. पुढचा ‘एंड हिट्स’ १९९८ मध्ये आला, सैलसर, शोधक, काही ठिकाणी भरकटलेला. नावामुळे बँड संपल्याच्या अफवा उठल्या. त्याच सुमारास जेम कोहेननं दहा वर्षं लहान-मोठ्या कॅमेऱ्यांवर टिपलेलं त्यांचं आयुष्य ‘इन्स्ट्रुमेंट’ या माहितीपटात १९९९ साली आणलं. तुरुंग, बास्केटबॉलचं कडं, आइस्क्रीमवाले दांडगट, सगळं त्यात आहे.

आणि मग १६ ऑक्टोबर २००१ चा ‘द आर्ग्युमेंट’. त्याची सुरुवात चेलो या व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीनं होते. जेरी बुशर हा त्यांच्या सामानाची व्यवस्था पाहणारा सोबती दुसरे ड्रम वाजवतो, बायकांचे आवाज साथीला आहेत. ‘कॅशआउट’ नावाचं गाणं आहे ते घरं रिकामी करून घेण्याविषयी. शहर सुधारलं, भाव वाढले, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरिबांच्या चटया-भांडी फुटपाथवर आली. हे गाणं मकाय जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो. दहा वर्षांपूर्वी तो हेच ओरडून म्हणाला असता. अल्बमचं शेवटचं गाणं युद्धाला नकार देणारं आहे. ध्वनिमुद्रण त्या वर्षीच्या वसंतात संपलं होतं. न्यूयॉर्कचे मनोरे सप्टेंबरमध्ये पडले. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू झालेली होती. आधी लिहिलेल्या शब्दांना कधीकधी असा नवा अर्थ चिकटतो.

४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरम सभागृहात त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. भांडण नाही, जाहीर निरोप नाही. घरं, मुलंबाळं, आई-वडलांची आजारपणं. काही काळ थांबू, असं म्हणाले आणि थांबले. पंधरा वर्षांत हजारावर कार्यक्रम झाले होते, अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत. त्यांतल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांचं मुद्रण ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांनी करून ठेवलं होतं. २०११ च्या डिसेंबरपासून ते लोकांना मिळू लागलं. सुचवलेली किंमत पाच डॉलर. ज्याला जमेल त्यानं एक द्यावा, वाटलं तर शंभर. माझ्या धाकट्या मुलानं त्यांतले काही मला ऐकवले. बिघडलेल्या तारा, चुकलेल्या जागा, थांबवलेली गाणी आणि गर्दीशी झालेली बोलाचाली, काहीही गाळलेलं नाही.

चौघेही वाजवत राहिले. पिचोटोनं इतरांच्या रेकॉर्ड घडवल्या. लॅली काही वर्षं इटलीत राहिला. परतल्यावर त्यानं आणि कँटीनं गिटारवादक अँथनी पिरोगला घेऊन मेसथेटिक्स हा शब्दांविना वाजवणारा बँड काढला. २०१८ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड डिस्कॉर्डनंच प्रसिद्ध केली. आणि मकायनं एमी फरिनाबरोबर इव्हन्स नावाचा दोघांचाच बँड केला. ती ड्रमवर, तो गिटार घेऊन खुर्चीवर बसलेला. वाचनालयं, समाजमंदिरं, पुस्तकांची दुकानं अशा ठिकाणी ते आपली लहानशी ध्वनियंत्रणा आणि घरातले दिवे घेऊन जात. आवाज इतकाच ठेवत, की मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळावेत आणि पुढच्या रांगेतलं लहान मूल कानावर हात ठेवणार नाही.